उरुग्वेचा फोर्लान, मुंबईच्या मैदानात

भिवंडीत यंत्रमागावर दूरदूरची माणसं कामाला येतात. फुटबॉलपटूही असेच कामासाठी परमुलखात जातात. आज आम्ही अशाच एकाची गोष्ट सांगतोय.

दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशाचा दिएगो फोर्लान लहानपणी टेनिसही खेळायचा. १९९१ मध्ये मोटार अपघातात त्याची बहीण अलेहांद्रा अपंग झाली. तिच्या उपचारांना पैसा हवा, म्हणून त्यानं फुटबॉलच धरला. अर्जेंटिना, इंग्लंड, स्पेन, इटली, ब्राझील, जपान. करार मिळेल तिथं तो खेळला. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मुंबई सिटी संघाकडून अंधेरीत खेळला, तोही एकच हंगाम.

अलेहांद्रानं पुढे चाकाच्या खुर्चीतून रस्ता सुरक्षेचं काम उभं केलं. भावाच्या घामाचं तिनं सोनं केलं.