घरातील तिसरे डॉक्टर

आमच्या दारावरील पाटीवर अनेक वर्षे दोन डॉक्टरांची नावे होती, पत्नीचे आणि माझे. २०२४ साली आमच्या कन्येने यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळविली आणि पाटीवर तिसरे नाव आले. शेजारच्या आजींनी लगोलग विचारले, "ही कशाची डॉक्टर? गुडघ्यांचे पाहते का?" सारे हसले. मी मात्र मनातून ओशाळलो. कारण काही वर्षांपूर्वी माझी समज आजींहून फारशी निराळी नव्हती.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापिले. त्या परंपरेतील अभियांत्रिकी शाखेतून कन्या पदवीधर झाली व २०१८ साली संशोधनासाठी परगावी गेली. विषय असा : धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांस टेकले असता त्यांमधून उष्णता किती वाहते? एवढ्याशा प्रश्नास पाच-सहा वर्षे? आमचे एम.डी. तर तीन वर्षांत होते, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवीत असे.

२०२० साली टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडली. ती उघडल्यावर जुनी-नवी मापने जुळेनात. २०२१ मध्ये एका रात्री तिचा फोन आला, "बाबा, सोडून देऊ का?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "सोड. नोकरी पाहा." पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात अठ्ठावीस आठवड्यांचे, जेमतेम किलोभर वजनाचे एक बाळ आमच्या अतिदक्षता कक्षात आले. त्याच्या इवल्याशा पावलावर पल्स ऑक्सिमीटरची पट्टी गुंडाळली होती. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूस धोका, अधिक झाला तर डोळ्यांच्या पडद्यास; रात्रभर आमचे डोळे त्या आकड्यावर. पहाटे सहज मनात आले, हे यंत्र कोणी दिले? मी शोधू लागलो.

ताकुओ आओयागी हे जपानी विद्युत अभियंते. रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदयाचा रक्तप्रवाह मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. नाडीच्या ठोक्यांमुळे मापन बिघडे. तो अडथळा दूर करण्याच्या खटपटीत त्यांना उमगले, की रक्तातील ऑक्सिजन बदलला की हा अडथळा नीट पुसला जात नाही. म्हणजे ज्याला ते दोष समजत होते, त्यातच धमनीतील रक्ताची माहिती दडली होती! १९७४ साली त्यांनी हे तत्त्व मांडले. टोकियो विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली ती १९९३ साली. पदवी मागाहून आली. प्रश्नाचा पिच्छा त्यांनी आधीच पुरविला होता.

दुसरे उदाहरण रॉबर्ट लँगर यांचे. १९७४ साली एम.आय.टी.तून रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतल्यावर तेलकंपन्यांच्या नोकऱ्या त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या होत्या. त्या नाकारून ते बोस्टनच्या बालरुग्णालयात ज्यूडा फोकमन या बालशल्यविशारदांकडे गेले. मोठ्या रेणूंची औषधे पॉलिमरमधून हळूहळू पाझरविता येतात, हे त्या दोघांनी १९७६ साली दाखविले. अकाली वयात येणाऱ्या मुलींना आपण महिन्याकाठी एक इंजेक्शन देतो, त्यामागेही औषध संथपणे पाझरविण्याचीच कल्पना आहे. शल्यविशारदाची गरज आणि अभियंत्याची शिस्त एका छपराखाली आली, म्हणून हे घडले.

आपणही एम.डी.साठी प्रबंध लिहितो. परंतु खरे सांगायचे तर आपल्यापैकी कित्येकांसाठी तो परीक्षेपूर्वीचा एक सोपस्कार असतो. अभियांत्रिकीतील डॉक्टरेटचा पाया निराळा. ज्याचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नाही असा प्रश्न घ्यावयाचा, आणि आपले मापन खरे की खोटे याची आधी स्वतःच उलटतपासणी करावयाची. शाखा विद्युत असो, रासायनिक असो वा यंत्र, ही शिस्त तीच.

कन्येने माझे ऐकले नाही. तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडणीतील दोष शोधण्यात तिचे आठ महिने गेले. तो शोध पुढे प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण झाला. सुटीत आली असता तिने मला समजाविले, "बाबा, गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग खरे पाहता मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, उरलेल्या फटींत हवा असते, आणि हवेतून उष्णता सहज जात नाही." मला आमचा वजनकाटा आठवला. नवजात बाळास त्यावर ठेवण्यापूर्वी परिचारिका कोमट कापड अंथरते, धातूचा गारठा बाळास लागू नये म्हणून. तीस वर्षे मी ते पाहत आलो, पण त्यामागील कारण इतक्या नेमकेपणाने त्या दिवशी प्रथमच कळले.

आपल्या मंडळातील अनेकांची मुले आज अभियांत्रिकीकडे वळली आहेत. त्यांतील काही संशोधनाची वाट धरतील. त्यांना "कधी संपणार?" असे प्रत्येक फोनवर विचारू नये, ही माझी नम्र विनंती. "सध्या कोणता प्रश्न अडला आहे?" असे विचारावे, आणि उत्तर पुरते समजले नाही तरी ते शेवटपर्यंत ऐकावे. माझ्याकडून ते वेळेवर झाले नाही.

ते बाळ दोन महिन्यांनी घरी गेले. आता ते शाळेत जाते. आजींना मात्र आमची कन्या गुडघ्यांची डॉक्टर नाही, हे अजून पटलेले नाही.