पाल, गिधाड आणि गाय

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका! पंचतंत्रातली गोष्ट सांगणार नाहीये. हा शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेला धडा आहे: सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी. "वैशिष्ट्ये लिहा, गुण चार." परीक्षा संपली आणि धडाही संपला. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि पोट सॉफ्टवेअरवर, तेव्हा प्राणिशास्त्रातला माझा अधिकार शून्य. पण या चार गुणांच्या उत्तराची किंमत भारताने किती मोजली, ते वाचल्यापासून हा विषय काही डोक्यातून जात नाही.

आधी थोडी उजळणी करू.

सरपटणारे प्राणी म्हणजे पाल, साप, कासव, मगर. अंगावर खवले, श्वास फुफ्फुसाने, आणि शरीराचं तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून. म्हणूनच सरडा सकाळी कुंपणावर ऊन खात बसतो. बहुतेक जण अंडी घालतात, पण आपल्याकडची घोणस थेट पिल्लांनाच जन्म देते.

पक्ष्यांची पक्की खूण म्हणजे पिसं. आजच्या जिवंत प्राण्यांत ती दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. शिवाय चोच, कडक कवचाची अंडी, आणि अंगात स्वतःची हीटिंग सिस्टीम! उडता आलंच पाहिजे अशी मात्र अट नाही. शहामृगाला विचारा.

सस्तन म्हणजे आपण. अंगावर केस आणि पिल्लांना आईचं दूध. वटवाघूळ उडतं आणि देवमासा पोहतो, तरी दोघं आपल्याच गोतावळ्यातले. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस तर चक्क अंडी घालतो, पण पिल्लांना दूध पाजतो, म्हणून तोही सस्तनच. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७३५ साली आपल्या वर्गीकरणात देवमाशाला माशांमध्ये टाकलं होतं. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तनांत आणला. म्हणजे बग फिक्स व्हायला दहावं व्हर्जन यावं लागलं!

आजचे शास्त्रज्ञ दिसण्यापेक्षा पूर्वज कोण याला जास्त महत्त्व देतात. त्या हिशोबाने मगर ही पालीपेक्षा चिमणीच्या जास्त जवळची आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर 'पक्षी' हा वेगळा क्लास नसून 'सरपटणारे' या क्लासचाच सब-क्लास आहे. आपली सस्तनांची शाखा मात्र सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. तेव्हा पाल आणि गिधाड एका घरातले, आणि गाय दुसऱ्या घरातली.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त त्याच्याकडे कधी कौतुकाने बघितलेलं नाही. पालीच्या लेंडीचं पांढरं टोक आठवा. आणि गाडीच्या काचेवरची कबुतराची पांढरी शिट! ते पांढरं म्हणजे यूरिक अॅसिड. शरीरातला नायट्रोजनचा कचरा आपण आणि गाय युरिया करून भरपूर पाण्याबरोबर बाहेर टाकतो. पाली, साप आणि पक्षी तोच कचरा यूरिक अॅसिडच्या रूपात, कमीत कमी पाण्यात काढतात. सगळी प्लंबिंगच वेगळी.

आता मुद्द्यावर येतो. डायक्लोफिनॅक हे आपल्या ओळखीचं दुखण्यावरचं औषध. भारतात १९९० च्या दशकात ते गुरांनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. गाय सस्तन, तिला आराम पडायचा. पण औषध दिल्यावर लगेच गाय दगावली, तर तिच्या मांसातून तेच औषध गिधाडांच्या पोटात जायचं. त्यांच्या किडन्या बंद पडायच्या, रक्तात यूरिक अॅसिड साठायचं आणि आतल्या अवयवांवर त्याचा पांढरा थर बसायचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. एका प्लॅटफॉर्मवर टेस्ट केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवला, आणि सिस्टीम क्रॅश!

गंमत म्हणजे इथे अमेरिकेत हायवेवर घिरट्या घालणारा टर्की व्हल्चर आपल्या गिधाडांना घातक ठरणाऱ्या मात्रेच्या शंभरपट डोस देऊनही प्रयोगात धडधाकट राहिला. दिसायला दोघं भाऊ, दोघंही पक्षीच, पण कुळं वेगळी. म्हणजे नुसतं "पक्षी" एवढं लेबल लावून भागत नाही.

गिधाडं गेली म्हणून माणसाचं काय बिघडलं? मेलेली गुरं उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री आणि रेबीज वाढले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. पाच लाख! फुकटात काम करणारं सफाई खातं बंद पडल्याचं हे बिल.

भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तसंच घातक असलेल्या केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलोक्सिकॅम हे गुरांना चालणारं आणि गिधाडांना न मारणारं औषध उपलब्ध आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी गिधाडांची घरटी जपली. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. दहा-पंधरा वर्षांत जे गेलं, ते भरून यायला कित्येक पिढ्या लागतील.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी अजून गोठा आहे. या रविवारी फोन कराल तेव्हा पाऊसपाणी, तब्येत वगैरे झालं की एवढंच विचारा, "जनावरांचे डॉक्टर दुखण्यावर कुठलं इंजेक्शन देतात?" उत्तर मेलोक्सिकॅम नसेल, तर डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या म्हणावं. चार गुणांच्या प्रश्नाचं एवढं उत्तर आपल्याला नक्की देता येईल.