आधी दात, मग खोगीर

मुंबईहून नाशिककडे निघालं की भिवंडीनंतर पडघा लागतं. हल्ली लोक आमच्या भागाला गोदामांवरून ओळखतात. पत्र्याच्या लांबच लांब शेड आणि त्यांच्यासमोर उभे कंटेनर. आमचं घर मात्र त्या गर्दीपासून आत, भातखाचरांच्या कडेला आहे. घरामागे तबेला आहे. त्यात सध्या तीन जनावरं आहेत : चांदनी ही पांढरी घोडी, तिचा अडीच वर्षांचा बादल आणि बादलची आठ महिन्यांची बहीण. तिचं नाव अजून ठरायचं आहे. घरात त्यावरून रोज भांडण होतं.

घोडे बघायला आलेले पाहुणे बादलकडे बोट दाखवून हमखास विचारतात, "यावर बसता कधी?" आम्ही सांगतो, "दात आल्यावर." लोकांना हसू येतं. पण हे उत्तर आम्हाला फार महागात पडलेलं आहे.

चांदनी आम्ही सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी हे गाव आहे. एकमुखी दत्ताच्या यात्रेला दत्तजयंतीपासून तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, नुकरा, अबलख असे नाना जातींचे आणि रंगांचे घोडे तिथे येतात. यात्रा दत्ताची, पण घोडा विकणारे आणि घेणारे सगळ्या धर्मांचे. आमचे अब्बा तरुणपणापासून तिथे जातात. नाशिक, धुळे, दोंडाईचा असा तो टेम्पोचा प्रवास. थंडीत कुडकुडत, जनावराला गोणपाटात गुंडाळून परतायचं.

चांदनी आणली तेव्हा ती दीड वर्षाची होती. मान उंच, कानांची टोकं एकमेकींना टेकणारी, पाठ सरळ. उंचीने ती पूर्ण घोडी दिसत होती, आणि आम्ही तिथेच फसलो. लग्नसराई तोंडावर होती, बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती. दोन वर्षांची होताच तिच्या पाठीवर खोगीर आलं. नवरदेव, जरीची झूल, डांबरी रस्ता, पुढे ताशे. वैशाख संपेपर्यंत तिच्या पुढच्या उजव्या पायाचा गुडघा सुजला. ती लंगडायला लागली.

डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला. मग जे समजावलं ते आजही जसंच्या तसं लक्षात आहे. घोड्याची उंची लवकर वाढते, हाडं मागून पक्की होतात. लांब हाडांच्या टोकाला मऊ कूर्चा असते, वाढ तिथून होते. नळीच्या हाडाची ही वाढ साधारण दीड वर्षात थांबते. गुडघ्याच्या वरच्या हाडाचं खालचं टोक पक्कं व्हायला अडीच वर्षांच्या आसपास लागतात. पाठीच्या मणक्यांना तर पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त. आणि ओझं पडतं ते नेमकं पाठीवर.

चांदनी पुन्हा वरातीत गेली नाही. सहा महिने औषधं झाली. सूज उतरली, पण दुडकी चालताना ती आजही तो पाय जरा सांभाळूनच टाकते. आजूबाजूचे म्हणाले, विकून टाका. अब्बा म्हणाले, "चूक आपली, आणि हिला घराबाहेर काढायचं?" ती राहिली. पुढे अकरा महिने पोटात वाढवून तिने बादलला जन्म दिला.

तो जानेवारीतल्या पहाटे आला. फजरची अजान व्हायच्या आत तो धडपडत उभा राहिला होता. अम्मी कंदील धरून बसली होती. आईचं पहिलं चिकाचं दूध त्याच्या पोटात गेलं, तेव्हाच ती उठली. शिंगराला रोगाशी लढायची ताकद त्या दुधातून मिळते आणि ते पहिल्या काही तासांतच मिळावं लागतं.

तेव्हा आम्ही ठरवलं, या वेळी घाई करायची नाही. बैलवाल्यांकडे आदत, दुसा, चौसा असा दातांचा हिशेब असतो. घोड्यालाही तोच लागू होतो. दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, पुढची जोडी साडेतीनला, तिसरी साडेचारला. चार दात पूर्ण होईपर्यंत पाठीवर माणूस नाही, आणि मागच्या पायांवर उभं करून नाचवणं तर त्यानंतरही नाही.

मग एवढी वर्षं शिकवायचं काय? खूप काही. पहिल्या आठवड्यापासून अंगभर हात फिरवायचा. महिनाभरात एकेक पाय उचलायची सवय, म्हणजे पुढे नालबंदाला त्रास होत नाही. मग म्होरकी. सहा महिन्यांनी आईचं दूध तोडलं की दोरीवर शेजारी चालणं, थांबणं, मागे सरणं. दीड वर्षानंतर रस्त्याची ओळख. महामार्गाच्या कडेला कंटेनर जाताना आम्ही त्याच्यासोबत नुसते उभे राहतो. लांबून ताशा ऐकवतो आणि रोज थोडं जवळ जातो. तो बिचकला की मागे येतो. चाबूक घरात आहे, पण खुंटीला.

प्रदर्शनातही लहान घोड्यांवर कुणी बसत नाही. दुधाच्या दातांच्या शिंगरांचा गट वेगळा असतो. हातात दोरी धरून त्यांना चालवून दाखवायचं असतं. परीक्षक कान, मान, पाठ, पाय पाहतात आणि चाल पाहतात. त्यासाठी खरारा, चारा आणि विश्वास एवढंच लागतं. अम्मीच्या हातचा जव, गव्हाचा कोंडा आणि थोडे भिजवलेले हरभरे, बाकी सुकं गवत. पावसाळ्यात गवताला बुरशी लागली की ते फेकून द्यायचं, कितीही महाग असलं तरी. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ झाला तर एका रात्रीत जनावर हातचं जातं.

गेल्या हिवाळ्यात परीक्षेची वेळ आली. बादल दोन वर्षांचाही नव्हता. एक गिऱ्हाईक आलं आणि मागू ती किंमत द्यायला तयार झालं. त्याला त्याच हंगामात नाचरा घोडा हवा होता. पैसे थोडेथोडके नव्हते. त्यात तबेल्याचं छप्पर झालं असतं, वर गवताची उधारी फिटली असती. त्या रात्री घरात आवाज चढले. धाकट्याचं म्हणणं होतं, एकदा विकला की पुढचं पाप आपलं नाही. अम्मी एवढंच म्हणाली, "चांदनी रोज डोळ्यांसमोर चालते ना?" सकाळी अब्बांनी नकार कळवला. छप्पर अजून गळतं.

कुरआनातली एक अख्खी सूरह, अल-आदियात, धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. अब्बा मुलांना सांगतात, जनावर आपल्या मालकीचं नसतं, ते अमानत असतं. मुकं असल्यामुळे त्याचा हिशेब जास्त कडक.

वाचकहो, तुमच्या घरी लग्न असेल आणि घोडा ठरवणार असाल, तर घोडेवाल्याला त्याचं वय विचारा. ओठ उचलून दात दाखवायला सांगा. चालताना तो पाय सांभाळतो का, तोंडाच्या कडांना जखमा आहेत का, तेही पाहा. अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार त्याच्यावर नसावा. 350 किलोच्या घोड्याला खोगिरासकट 70 किलो झाले. नवरदेव आणि वर पुढ्यात दोन पोरं बसवू नका. तुम्ही विचारायला लागलात, तर आमच्यासारख्यांनाही थांबणं परवडेल.

परवा खरारा करताना बहिणीने हाक मारली. बादलच्या दुधाच्या दातांच्या जागी दोन रुंद पक्के दात दिसत होते. पहिली जोडी आली. खोगीर माळ्यावर आहे, कापडात बांधलेलं. दुसरी जोडी येईपर्यंत ते तिथेच राहील, इन्शाअल्लाह.