‘तकिट’मधला ‘कि’ गिळा: ब्लूज शफलबद्दलचे काही गैरसमज

गिटार शिकणाऱ्याला चार-पाच कॉर्ड जमले की तो हमखास दोन ठिकाणी अडतो. एक एफचा बार कॉर्ड आणि दुसरा शफलचा ठेका. एफवर निदान बोटं दुखतात, त्यामुळे कुठं चुकतंय ते कळतं. शफलमध्ये सगळे स्वर बरोबर लागतात आणि तरीही गाणं काही उभं राहत नाही. कासुर्डी-यवतच्या पट्ट्यात राहणाऱ्याला शिकवणीसाठी पुणं गाठायचं तर अर्धा दिवस जातो, म्हणून बहुतेकांचा गुरू फोनच. फोनवरून कॉर्ड शिकता येतात, पण त्यासोबत काही ठाम समजही घरात येतात. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत.

“शफल म्हणजे पटापट खाली-वर हात मारणं.”

शफलचा वेगाशी संबंध नाही. ती मात्रेची वाटणी आहे. साध्या ठेक्यात एका मात्रेचे दोन सारखे भाग होतात, शफलमध्ये तीन. तबलजी याला तिस्र जाती म्हणतील. मात्र या तीन भागांपैकी पहिल्यावर आणि तिसऱ्यावरच तार छेडायची. मधल्या भागात नवा आघात नाही, पहिला स्वरच तिथवर लांबतो. लांब-आखूड, लांब-आखूड.

हे इंग्रजी आकडे मोजत शिकवतात, तेव्हा निम्मं लक्ष आकड्यांतच जातं. आपल्याकडे त्याहून सोपी सोय आहे. पायानं मात्रा धरा आणि प्रत्येक ठोक्याला एकदा ‘तकिट’ म्हणा. ते स्थिर झालं की ‘कि’ गिळा, पण त्याची जागा तेवढीच सोडा: त-ऽ-ट, त-ऽ-ट. झाला शफल. गिटार अजून हातात घेतलेलीही नाही.

चूक होते ती ‘ट’च्या जागेत. तो पुढच्या ‘त’ला चिकटला की दोनास एक हे प्रमाण तीनास एक होतं आणि ठेका कवायतीसारखा ताठ वाटायला लागतो. तो लवकर आला की सरळ ठेका होतो. बहुतेक शिकाऊ वेग वाढवताना याच दुसऱ्या खड्ड्यात पडतात. अर्थात दोनास एक हेही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. संथ लयीत मुरलेले वादक पहिला भाग आणखी ताणतात, द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. पण ही सूट पुढची. आधी ‘तकिट’ पक्कं हवं.

“हा ठेका आपल्या कानाला परकाच.”

मला हा समज सगळ्यात चुकीचा वाटतो. शफलचा सख्खा भाऊ म्हणजे स्विंग, आणि तो हिंदी चित्रपटात रुजवणाऱ्यांत पहिलं नाव मराठी माणसाचं आहे. सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. 1947चा ‘शहनाई’ आणि 1951चा भगवानदादांचा ‘अलबेला’ ऐका. ‘अलबेला’त त्यांच्या हाताशी चिक चॉकलेट होते, म्हणजे मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. ती गाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या वरातीत नाचून संपवली आणि आता तोच झोका ‘परदेशी’ म्हणून शिकायला बसतो.

चित्रपट राहू द्या. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला जाते ती कासुर्डीवरूनच. दिंडीतला पखवाजवाला भजनी ठेका धरतो तेव्हा दोन बोलांमधलं अंतर दर वेळी सारखं ठेवत नाही. त्या झोलामुळेच पाय आपसूक उचलतात. यवतच्या पिठलं-भाकरीची आठवण सगळे काढतात, या झोलाची कुणी काढत नाही.

पण लगेच उलट टोकाला जाऊन “दादरा म्हणजेच शफल” असं म्हणू नका. दादऱ्यात सहा मात्रा असतात आणि त्या सगळ्या मोजल्या जातात. शफलच्या एका बारमध्ये, म्हणजे एका खंडात, मात्रा चारच असतात, फक्त प्रत्येक मात्रा आतून तीन भागांची असते. आणखी एक फरक टाळीचा. आपला हात सवयीनं पहिल्या मात्रेवर टाळी देतो. ब्लूजमध्ये ड्रमवाल्याचा जोरकस ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. पहिलीवर टाळी देत शफल वाजवलात तर स्वर, लय, कॉर्ड सगळं बरोबर असूनही ते भजनच वाटेल. भजन वाईट नाही, पण ते वेगळं.

“बारा बार म्हणजे बारा मात्रा.”

बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. ए पट्टीत त्याचा हिशेब असा: चार बार ए, दोन बार डी, पुन्हा दोन ए, मग एक ई, एक डी, एक ए आणि शेवटचा ई, जो तुम्हाला समेवर परत आणून सोडतो. मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत एक फेरी बरोबर 40 सेकंदांत होते. सगळे ब्लूज बारा बारचेच असतात असंही नाही. आठ बारचे आहेत, सोळाचे आहेत, आणि जॉन ली हूकरसारखा माणूस तर मनाला येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा.

“बोटं लांब हवीत.”

ज्यांनी शफल एफ किंवा जी पट्टीत शिकायला घेतला त्यांचा हा समज. तिथं करंगळी खरोखर ताणावी लागते. ए पट्टीत तसं काही नाही. पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेवर पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर. हे दोन्ही स्वर एकत्र दोनदा वाजवायचे, एकदा लांब, एकदा आखूड. मग अनामिका चौथ्या फ्रेटवर टेकवून पुन्हा दोनदा. डीसाठी हीच आकृती चौथ्या-तिसऱ्या तारेवर, ईसाठी सहाव्या-पाचव्या तारेवर. डाव्या हाताचं काम एवढंच.

कस लागतो उजव्या हाताचा. तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकलेली हवी, म्हणजे स्वर घुमत न राहता भरीव येतो. फार दाबली तर नुसती टकटक ऐकू येते. सगळे आघात खाली मारायचे की खाली-वर, यावर वाद घालत बसू नका, दोन्ही प्रकार चालतात. सगळे खाली मारले की ठेका जड आणि बसका येतो. वेग वाढला की लांब भागाला खाली आणि आखूड भागाला वर हे सोयीचं पडतं. ऐकायचं असेल तर जिमी रीडची ध्वनिमुद्रणं ऐका. त्यांत एडी टेलरची गिटार खालून जे चालवते, तोच हा ठेका. त्यात दाखवेगिरी औषधालाही सापडणार नाही.

“ब्लूज म्हणजे रडगाणं.”

शब्दांत दुःख असतं, ठेक्यात नाही. शफल नाचायला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गुत्त्यांत शनिवारी रात्री पियानोवर बूगी-वूगी चालायची. पाइनटॉप स्मिथची त्या नावाची तबकडी 1928 सालची. पियानोवादकाचा डावा हात जे वाजवायचा ते गिटारवाल्यांनी जाड तारांवर उतरवलं, तोच हा शफल. कॉर्डही उदास मायनर नसतात, बहुतेक वेळा कोमल निषाद घातलेले मेजर असतात.

“इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्पशिवाय जमत नाही.”

मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत 2011पासून भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय या गिटारवादकाला बघून असं वाटणं साहजिक आहे. पण ब्लूजचा गवई रॉबर्ट जॉन्सन याचं सगळं ध्वनिमुद्रण 1936 आणि 1937 या दोन वर्षांतलं आणि ते साध्या अकूस्टिक गिटारवर. त्यानं मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून ही कला मिळवली, ही दंतकथा तर फारच लाडकी. मुळात ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गवयाबद्दल सांगितली जायची. रॉबर्ट जॉन्सन मिसिसिपीत आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे राहून शिकला, एवढी साधी ती हकीकत. केडगाव-चौफुल्यावर मध्यरात्री थांबून बघा, सैतान येणार नाही, फार तर सोलापूरची एसटी येईल.

तेव्हा घरात असेल ती गिटार घ्या. तारा गंजल्या असतील तर बदला, ट्यूनर लावा, मेट्रोनोम 72वर ठेवा. पहिला आठवडा डी आणि ईकडे फिरकू नका, नुसता ए वाजवा. पायाचा ठोका आणि ‘ट’ रोज सारख्याच जागी पडायला लागले की मगच दुसरा कॉर्ड घ्या.