स्वतःचा सर्व्हर (लेखांक ९) : झीरोनेटला दार बसवताना

गेल्या लेखांकात युनोहोस्ट या घरगुती सर्व्हरच्या प्रणालीवर एक बटण दाबलं की ॲप कसं बसतं, ते आपण वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. आज त्या बटणामागची बाजू पाहू, म्हणजे पॅकेज बांधणाऱ्याचं काम. उदाहरणासाठी मुद्दाम अवघड ॲप निवडलं आहे : झीरोनेट. वर्डप्रेस किंवा नेक्स्टक्लाउड ही ॲप सर्व्हरवर राहण्यासाठीच लिहिलेली आहेत. त्यांना लॉगिन म्हणजे काय, पाहुणा कोण आणि प्रशासक कोण, हे ठाऊक असतं. झीरोनेट लिहिलं गेलं ते एका माणसाच्या स्वतःच्या संगणकासाठी. ते सर्व्हरवर आणायचं तर आधी हे मूळ गृहीतक उलगडून पाहावं लागतं.

झीरोनेट २०१५ साली हंगेरीतल्या तामाश कोचिश यांनी पायथनमध्ये लिहिलं. कल्पना अशी : वेबसाइटला सर्व्हर नसावा. साइटचा पत्ता म्हणजे बिटकॉइनच्या पत्त्यासारखी अक्षरांची लांबलचक माळ, जी मालकाच्या गुप्त किल्लीतून तयार होते. साइटच्या प्रत्येक फाइलचा शा-५१२ ठसा एका यादीत असतो आणि त्या यादीवर मालकाची डिजिटल सही असते. तुम्ही साइट उघडली की तिच्या फाइली इतर वाचकांच्या संगणकांवरून तुमच्याकडे येतात. हे वाचक सापडतात बिटटोरंटच्या ट्रॅकरांमधून. सही जुळली तर साइट दिसते, आणि त्या क्षणापासून तुमचा संगणकही ती साइट पुढच्या वाचकाला देऊ लागतो. इथे वाचक हाच वितरक असतो.

या सगळ्यासाठी वेगळा ब्राउझर लागत नाही. झीरोनेट पार्श्वभूमीला चालतं आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, ४३११० क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटा वेब सर्व्हर उभा करतं. आपण नेहमीच्या फायरफॉक्समध्ये तो पत्ता उघडायचा. म्हणजे ब्राउझरचं निम्मं काम फायरफॉक्स करतो आणि निम्मं, शोधणं, पडताळणं, साठवणं, वाटणं, झीरोनेट करतं. हे दुसरं निम्मं काम कुठेही चालू शकतं. ते लॅपटॉपवरच चाललं पाहिजे असं नाही.

ते तिथून हलवावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला ठोस कारण आहे. लॅपटॉप मिटला की त्याच्यावरच्या साइटींचं वाटपही थांबतं. हजारो वाचक असलेल्या साइटला याचा फरक पडत नाही. पण ज्या साइटचे पाच-सहाच वाचक आहेत, ती त्या सहाही जणांचे लॅपटॉप बंद असताना अस्तित्वातच नसते. विकेंद्रित जाळ्याची खरी गरज ज्यांना असते, त्या छोट्या साइटीच इथे आधी बुडतात. घरात अखंड चालू असलेला एखादा रास्पबेरी पाय ही उणीव बऱ्याच प्रमाणात भरून काढतो.

आता अडचण पाहू. झीरोनेट आपल्या पडद्यावर आपणहून पासवर्ड विचारत नाही. जो ४३११० पर्यंत पोहोचला, तो मालक. मुखपृष्ठाला प्रशासकाचे अधिकार असतात : साइट जोडता येते, पुसता येते, मांडणी बदलता येते, अख्खा प्रोग्रॅम बंद करता येतो. तुमच्या साइटची गुप्त किल्ली तिथे जतन केलेली असेल, तर तुमच्या सहीने नवा मजकूरही प्रसिद्ध करता येतो. स्वतःच्या संगणकावर यात फारसा धोका नाही, कारण १२७.०.०.१ या पत्त्याला बाहेरचा संगणक पोहोचूच शकत नाही. पत्ताच कुलपाचं काम करतो. पण युनोहोस्टवर त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा राहतो, बाहेरून आलेली विनंती आत नेतो, आणि आतल्या झीरोनेटला ती जवळच्याच माणसाने केल्यासारखी दिसते. कुलूप गळून पडतं आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून नवं कुलूप पॅकेजने बसवायचं. युनोहोस्टमध्ये ही सोय आहे. २०१२ साली सुरू झालेला, डेबियनवर उभा असलेला हा प्रकल्प प्रत्येक ॲपच्या दारावर आपला पहारा ठेवतो. मॅनिफेस्ट या फाइलमध्ये मुख्य परवानगी कोणाला, हे लिहायचं असतं : सगळे पाहुणे, सर्व्हरवरचे सगळे वापरकर्ते, की फक्त प्रशासक. पुष्कळ पॅकेजांमध्ये पाहुण्यांना मोकळं दार असतं आणि ते योग्यही असतं, कारण ब्लॉग वाचायला लॉगिन कशाला? झीरोनेटसाठी मात्र सुरुवातीचं उत्तर ‘फक्त प्रशासक’ हेच असलं पाहिजे. ॲप बसवणाऱ्याला ते बदलायचं असेल तर त्याने जाणूनबुजून बदलावं.

मधला पर्याय, म्हणजे घरातले सगळे वापरकर्ते, सौम्य दिसतो आणि तोच फसवा आहे. पहारा आई, बाबा आणि मुलगी यांना ओळखतो. झीरोनेट ओळखत नाही. त्याच्या लेखी तिघं एकच. आईने लिहिलेली प्रतिक्रिया आणि मुलीने लिहिलेली प्रतिक्रिया एकाच ओळखीने जाते, आणि जतन केलेली किल्ली तिघांच्याही हाती पडते. यावर झीरोनेटमध्येच मल्टियूझर नावाचं प्लगिन आहे. ते मुळात बंद ठेवलेलं असतं. फोल्डरच्या नावातला ‘डिसेबल्ड’ हा शब्द काढला की सुरू होतं. तरी माझं मत असं की पॅकेजने ते आपणहून सुरू करू नये. त्यात प्रत्येकाची ओळख सर्व्हरच हाताळतो, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा. घरात हे चालेल, पण तो निर्णय घरच्यांचा असावा, पॅकेज बांधणाऱ्याचा नव्हे.

पुढचा प्रश्न पत्त्याचा. युनोहोस्टवर बरीच ॲप एकाच डोमेनखाली, तिरप्या रेषेपुढे नाव जोडून बसवता येतात. झीरोनेटला ते जमत नाही, कारण साइटचा पत्ता थेट पहिल्या तिरप्या रेषेपासूनच सुरू होतो. त्याला स्वतंत्र उपडोमेनच द्यावं लागतं. ही तांत्रिक सक्ती नसती तरी मी तेच केलं असतं. झीरोनेटच्या साइटी म्हणजे अनोळखी माणसांनी लिहिलेलं जावास्क्रिप्ट. झीरोनेट त्यांना बंदिस्त चौकटीत चालवतं, पण ब्राउझरच्या दृष्टीने एका डोमेनवरची सगळी पानं एकाच घरातली. तुमची वेबमेल आणि अनोळखी माणसाचा कोड एका डोमेनवर नको.

एनजिनएक्सच्या मांडणीत दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. झीरोनेटचं पान पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमशी वेबसॉकेटवरून सतत बोलत असतं. ती जोडणी पुढे जाऊ द्यायची खास ओळ नसेल तर पान अर्धवट उघडतं आणि तिथेच अडकतं. दुसरी गोष्ट, आपल्या उपडोमेनचं नाव झीरोनेटच्या मांडणीत मान्य नावांच्या यादीत लिहावं लागतं. ही यादी संरक्षणासाठी आहे : एखादी दुष्ट वेबसाइट स्वतःचं डोमेन ऐनवेळी तुमच्या संगणकाच्या पत्त्याकडे वळवून आत शिरू पाहते, तिला अडवण्यासाठी. पान उघडत नाही म्हणून वैतागून ही तपासणीच सैल करण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि यादीत नेमकं एकच नाव घालावं.

पोर्ट दोन आहेत आणि त्यांचं वागणं अगदी उलट हवं. पडद्याचं पोर्ट आतच राहिलं पाहिजे. दुसरं पोर्ट फाइलींच्या देवाणघेवाणीचं; ते जगाला खुलं नसेल तर बाहेरचे वाचक तुमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत. मॅनिफेस्टमध्ये दुसऱ्या पोर्टपुढे टीसीपीसाठी उघडं असं लिहिलं की युनोहोस्ट फायरवॉलमध्ये वाट करून देतं. ही नोंद चुकून पहिल्या पोर्टला लागू नये, एवढं डोळ्यांत तेल घालून पाहावं. आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर आणखी एक अडसर असतो : अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे फायरवॉल उघडूनही बाहेरची जोडणी घरापर्यंत येत नाही. अशा वेळी झीरोनेट स्वतः बाहेर जोडण्या करून चालत राहतं, किंवा टॉरच्या ओनियन पत्त्यावरून भेटतं. पॅकेजने टॉर वापरायचं का, हा प्रश्न बसवतानाच विचारला तर बरं.

पायथनचं काम त्यामानाने सरळ आहे. झीरोनेट २०१९ मध्ये ०.७ आवृत्तीपासून पायथन ३ वर आलं. डेबियन १२ पासून पिप वापरून यंत्रणेच्या पायथनमध्ये थेट भर घालू दिली जात नाही, म्हणून ॲपसाठी वेगळं आभासी वातावरण तयार करायचं, वेगळा यंत्रवापरकर्ता ठेवायचा आणि सिस्टिमडीला चालवायला सांगायचं.

जास्त विचार साठवणुकीचा करावा. प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये आणि माहिती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे नवी आवृत्ती बसवताना माहितीला धक्का लागत नाही. या माहितीत आकाराने मोठा भाग इतरांच्या साइटींचा, जो जाळ्यातून पुन्हा मिळू शकतो. पण तिथेच युझर्स नावाची एक छोटी जेसन फाइल असते. तिच्यात तुमच्या सगळ्या ओळखींचं मूळ बीज असतं आणि जतन केल्या असतील तर साइटींच्या किल्ल्या. ती गेली की ओळख गेली. किल्लीची दुसरी प्रत नसेल तर तुमची साइट लोक वाचत राहतील, पण तुम्हाला तिच्यात एक अक्षर बदलता येणार नाही, आणि पासवर्ड परत मिळवून देणारं कार्यालय या जाळ्यात नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जागेअभावी काही वगळायचंच झालं तर इतरांच्या साइटी वगळाव्यात. ही फाइल कधीच नाही.

उगम कुठला घ्यायचा, हाही पॅकेज बांधणाऱ्याचाच निर्णय. मूळ लेखकाचं काम काही वर्षांपूर्वी थांबलं. झीरोनेट-कॉन्झर्व्हन्सी नावाच्या शाखेत इतरांनी ते पुढे नेलं. जाळ्याशी बोलणाऱ्या आणि अनोळखी कोड उघडणाऱ्या प्रोग्रॅमला दुरुस्त्या मिळत राहणं अत्यावश्यक आहे, म्हणून मी देखभाल होत असलेली शाखाच निवडेन. मॅनिफेस्टमध्ये तिचा पत्ता आणि डाउनलोडचा शा-२५६ ठसा लिहायचा. ठसा जुळला नाही तर युनोहोस्ट बसवणं तिथेच थांबवतं.

शेवटी तपासणी. युनोहोस्टची स्वयंचलित चाचणी ॲप बसवून, काढून, अद्ययावत करून, बॅकअपमधून परत आणून पाहते आणि पॅकेजला दर्जाची पायरी देते. ती चाचणी जरूर पार करावी. मग एक तपासणी स्वतः करावी : लॉगिन न केलेल्या फोनवरून, घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर ते उपडोमेन उघडावं. लॉगिनचं पान आलं पाहिजे. त्यानंतर मुखपृष्ठाऐवजी एखाद्या साइटचा पूर्ण पत्ता थेट टाकून पाहावा, आणि वेबसॉकेटचा पत्ताही. तिन्ही ठिकाणी पहारेकरी आडवा आला, तरच पॅकेज दुसऱ्यांच्या हाती द्यावं.

पुढच्या लेखांकात आयपीएफएस. तिथे पत्ता मालकाच्या किल्लीतून येत नाही, मजकुरातूनच येतो. त्यामुळे एक अक्षर बदललं की पत्ता बदलतो, आणि पॅकेज बांधणाऱ्यापुढचे प्रश्नही.