लहान ट्रॉलीस विजेचे ब्रेक

तहसील कचेरींत कारकून म्हणून नोकरी करीत असतां शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूचे कागद माझ्या टेबलावरून पुष्कळदां गेले. सात-बाराचा उतारा, वारसांचे जबाब, पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल असा तो जुडगा असे. पंचनाम्यांत ट्रॅक्टरचा नंबर, रस्त्याची रुंदी, सांडलेला माल, वाहनाचें तोंड कोणत्या दिशेस होतें, इतकें सारें बारकाईनें लिहिलेलें असावयाचें. परंतु मागच्या ट्रॉलीस ब्रेक होता कीं नव्हता, हें लिहिलेला एकहि पंचनामा मला आठवत नाहीं. तें विचारावयाचें कोणास सुचत नसे. कारण ट्रॉलीस ब्रेक नसावयाचाच, असें लिहिणारा व सांगणारा दोघेहि धरून चालत. मीहि तसेंच धरून चालत होतों.

पुढें हा प्रसंग घरींच आला. माझा धाकटा बंधु शेणखताची ट्रॉली घेऊन मळ्याकडे निघाला होता. ओढ्याकडे उतरणारा तो रस्ता आम्हां सर्वांच्या पायाखालचा. आदल्या रात्रीं पाऊस पडून खत भिजलें होतें व ओझें रोजच्याहून जड झालें होतें. अर्ध्या उतारावर त्यानें ब्रेक दाबला. ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें आवळलीं, पण त्यांच्यामागचें ओझें थांबेना. ट्रॉलीनें ट्रॅक्टरची मागची बाजू एका अंगास लोटली, ट्रॅक्टर रस्त्यांत आडवा झाला आणि दोन्ही मिळून ओढ्यांत गेलीं. बंधूचा जीव वांचला. उजवा पाय मांडींत मोडला, व त्या वर्षींची सुगी त्यानें खाटेवरून पाहिली. मागाहून ट्रॅक्टर वर काढल्यावर असें दिसलें कीं, ब्रेकचीं दोन पेडलें एकमेकांस जोडणारी कडी काढलेलीच होती. शेतांत वळतांना एकाच बाजूचा ब्रेक लागतो म्हणून ती काढतात, आणि रस्त्यास लागतांना परत घालावयाची विसरतात. वाचकांनीं हा लेख येथेंच खालीं ठेविला तरी माझी तक्रार नाहीं. मात्र ती कडी घातल्यावांचून ट्रॅक्टर रस्त्यावर काढूं नये.

कडी घातलेली असती तर अपघात टळला असता काय? ट्रॅक्टर कदाचित् आडवा झाला नसता. परंतु ट्रॉली थांबली असती असें मला वाटत नाहीं. थोडा हिशेब करून पाहूं. मध्यम ट्रॅक्टर सुमारें दोन टनांचा, आणि मागें भरलेली लहान ट्रॉली तीन टनांची. दहा फुटांस एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर ही ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारें ३०० किलोच्या जोरानें पुढें लोटीत असते. चाकांच्या घर्षणानें त्यांतलें थोडें कमी होतें, इतकेंच. हा जोर नुसता वेग वाढूं न देण्यासाठीं सोसावयाचा. थांबावयाचें झाल्यास आणखी जोर लागतो. आणि सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. वेग ताशीं १५ किलोमीटरवरून ३० वर गेला म्हणजे थांबण्यास दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतें. अशा स्थितींत चार पैशांचें डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्यें गाडी सोडणारे गडी मीं पाहिले आहेत. इंजिनाचा जो कांहीं अटकाव होता तोहि ते आपल्या हातानें काढून टाकतात.

बैलगाडीच्या काळीं ही गोष्ट लोकांस अधिक ठाऊक होती. घाट उतरतांना गाडीमागें लांकडाचा ओंडका बांधून फरफटत नेत, गाडीवान खालीं उतरून चाकाशीं राही, आणि गाडी थांबतांच चाकाखालीं उटी म्हणजे दगड सरकवी. ओढणारा बैल कितीहि बळकट असला तरी ओझें आवरण्याची सोय ओझ्याच्याच बाजूस हवी, हें त्यांत गृहीत होतें.

ट्रॉलीस ब्रेक बसविण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. हाताच्या दांड्यानें लागणारा ब्रेक उभी ट्रॉली धरून ठेवण्यापुरता ठीक. चालत्या ट्रॉलीस चालकाच्या हाताबाहेर असल्यामुळें निरुपयोगी. दुसऱ्या तऱ्हेंत ट्रॉली पुढें रेटूं लागली कीं तिची दांडी मागें दबते व त्या दाबानेंच ब्रेक लागतो; युरोपांत ही फार चालते. तेलाच्या किंवा हवेच्या दाबाचे ब्रेक मोठ्या ट्रॉल्यांसाठीं उत्तम, पण ट्रॅक्टरवर त्यांची सोय असावी लागते. चौथी तऱ्हा विजेची. आपल्याकडे ती फारशी परिचित नाहीं म्हणून तिजविषयींच विस्तारानें लिहितों.

ही मूळची अमेरिकेंतील योजना. विस्कॉन्सिन राज्यांतील बेलॉइट या गांवीं आर्थर वॉर्नर यानें १९२७ सालीं विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. त्या देशांत घरोघरीं मोटारीमागें जोडावयाचे लहान ट्रेलर असतात. माती, लांकूड, गवत, एखादें यंत्र त्यांतून नेतात. भरलेलें वजन ३००० पौंडांच्या, म्हणजे सुमारें १३६० किलोंच्या वर गेलें कीं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, असा तेथील अनेक राज्यांचा नियम आहे. माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियांत नोकरीस असतो. निवृत्तीनंतर मी त्याजकडे राहिलों असतां त्यानें आपल्या एका आंसाच्या ट्रेलरला हे ब्रेक अंगणांतच बसविले, व मी पाने हातीं देण्यास उभा होतों. त्यामुळें पुढील मजकूर ऐकीव नव्हे.

चाकाचा साधा हब काढून त्याजागीं ड्रम असलेला हब घालतात. ड्रमच्या आंत, आंसाला पक्क्या केलेल्या व न फिरणाऱ्या तबकडीवर, लायनर लावलेले दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. येथवर ही रचना आपल्या जीपगाड्यांसारखीच. फरक असा कीं, शू दाबण्यास तेल नसून एक तरफ असते व तिच्या खालच्या टोकास विद्युत् चुंबक बसविलेला असतो. चालकानें ब्रेक दाबला कीं चुंबकांत वीज येते व तो ड्रमच्या आंतल्या सपाट तोंडास चिकटूं पाहतो. ड्रम फिरत असल्यानें चुंबकास आपल्याबरोबर ओढतो, तरफ हलते, आणि तरफ शूंना ड्रमवर रेटते. म्हणजे चाक थांबविण्याचें बळ विजेचें नसून फिरत्या चाकाचेंच असतें. वीज तें बळ कामास लावते, एवढेंच. म्हणूनच एका चाकास १२ व्होल्टवर अवघी सुमारें ३ अँपिअर वीज पुरते, दोन चाकांस ६. एवढी वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीस जड नाहीं. वीज वाढवावी तशी पकड वाढते.

यांतूनच या ब्रेकचें मोठें उणें निघतें. चाक उभें असेल तर चुंबकास ओढणारें कोणी नाहीं, आणि मग ब्रेकहि जवळजवळ नाहीं. मागें जातांना पकड कमी. सबब उतारावर उभ्या ट्रॉलीस उटी लागते ती लागतेच. विजेच्या भरंवशावर कोणीं ती घरीं ठेवूं नये.

ब्रेकचें माप आंसाच्या भारावर ठरतें. पुतण्याचा आंस ३५०० पौंडांचा, म्हणजे सुमारें १५९० किलोंचा होता. त्यास १० इंच व्यासाचे व सव्वादोन इंच रुंदीचे ब्रेक बसले. १२ इंच व्यासाचे व दोन इंच रुंदीचे ब्रेक ७००० पौंडांच्या, म्हणजे सुमारें ३१७५ किलोंच्या आंसापर्यंत चालतात. तबकडी जोडण्याचा चार छिद्रांचा चौकोनी पत्रा त्याच्या आंसावर कारखान्यांतूनच जोडलेला होता. आपल्याकडील आंसावर असा पत्रा नसेल तर तो वेल्डिंगनें जोडावा लागतो, आणि सगळें काम येथेंच सुधरतें किंवा बिघडतें. पत्रा आंसाच्या टोकाशीं बरोबर काटकोनांत व मध्य साधून बसला पाहिजे. कललेला असेल तर शू एका अंगानें घांसतात व चुंबक तिरपा झिजतो. हबपासून त्याचें अंतर आधीं ब्रेक लावून मापावें, मग टांके मारावे. वेल्डिंगपूर्वीं हब व बेअरिंगें उतरून ठेवावींत. वेल्डिंग यंत्राचा अर्थाचा चिमटा टांक्याच्या अगदीं जवळ लावावा, व ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून दूर न्यावी; नाहींतर ट्रॅक्टरच्या विजेच्या सामानास धोका असतो. हें काम रस्त्याकडेच्या हौशी कारागिराचें नव्हे.

डावा व उजवा ब्रेक वेगळे असतात. दोन शूंपैकीं ज्याचा लायनर आंखूड तो पुढच्या अंगास आला पाहिजे. पुतण्यानें पहिल्या खेपेस अदलाबदल केली होती, व चहा घेतांना ती लक्षांत आली. दोन तास फुकट गेले. चुंबकाच्या दोन तारांत उलटसुलट असा भेद नाहीं. एक तार विजेस, दुसरी अर्थास. तार मात्र चार चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी; बारीक तारेंत वीज वाटेंतच खर्च होते. अर्थासाठीं ट्रॉलीच्या पिनवर व लोखंडावर विसंबूं नये. गंज, रंग व माती यांतून वीज धड वाहत नाहीं, आणि ब्रेक आज लागतो, उद्यां लागत नाहीं, असा खेळ होतो. जोडणीच्या प्लगांतून अर्थाची वेगळी तार ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत न्यावी. विजेच्या ब्रेकच्या तक्रारींत पहिला संशय याच तारेचा घ्यावा.

चालकाजवळ एक लहान नियंत्रक पेटी बसते. तिला बॅटरीची तार २० अँपिअरच्या फ्यूजमधून येते, एक तार ब्रेकच्या दिव्याच्या खटक्यावरून येते, एक अर्थाची, आणि एक ट्रॉलीकडे जाते. स्वस्त पेटी ब्रेक दाबतांच ठरलेल्या गतीनें वीज वाढवीत नेते. चांगली पेटी वाहन किती जोरानें मंदावत आहे हें जाणून त्या मानानें वीज देते. दोन्हींवर हातानें दाबावयाचा खटका असतो. ट्रॉली मागें झोलू लागली तर पायानें ट्रॅक्टरचा ब्रेक न दाबतां या खटक्यानें एकट्या ट्रॉलीस आवरतां येतें. माझ्या मतें साऱ्या खटाटोपाचें मोल या एका खटक्यांत आहे.

शिवाय ट्रॉलीवर एक लहान बॅटरी व एक खटका असतो. खटक्याची पिन लोखंडी दोरीनें पुढच्या वाहनास बांधलेली असते. जोड तुटून ट्रॉली सुटली तर पिन उपसली जाते व ट्रॉलीची बॅटरी आपोआप ब्रेक लावते. अमेरिकेच्या संघ सरकारच्या नियमाप्रमाणें व्यापारी ट्रेलरचे ब्रेक असे निदान १५ मिनिटें लागून राहिले पाहिजेत. ही बॅटरी मेलेली असेल तर सारी योजना शोभेची, म्हणून ती महिन्यांतून एकदां तपासावी.

बसविल्यावर चाक उचलून, शूचें दांत्याचें चाक फिरवीत ड्रम आवळेपर्यंत न्यावें व मग किंचित् घासत राहील इतकें सैल करावें. नवे लायनर बसतां बसतां झिजतात. म्हणून पहिल्या २०० मैलांनंतर, म्हणजे सुमारें ३२० किलोमीटरांनंतर, हेंच पुन्हां करावें. पेटीवरील जोर भरल्या ट्रॉलीस वेगळा व रिकामीस वेगळा ठेवावा. रिकाम्या ट्रॉलीस भरल्याचा जोर दिला तर चाकें आवळून ती घसरते. बेअरिंगास ग्रीस भरतांना हात आंखडता घ्यावा, कारण सील फुटून ग्रीस लायनरवर आलें कीं ते लायनर टाकूनच द्यावे लागतात. चिखलांतून व ओढ्यांतून वारंवार जाणाऱ्या ट्रॉलीचे ड्रम वर्षांतून एकदां तरी उघडून पाहावे.

आपल्याकडे हें कोणास सोसेल? ज्यांची एका आंसाची, भरून तीन टनांच्या आंतली ट्रॉली आहे, त्यांस. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागें एक जोडून कारखान्यास नेणाऱ्यांनीं या मापाच्या ब्रेकचा विचारहि करूं नये. त्या ओझ्यास हवेचे किंवा तेलाचेच ब्रेक पाहिजेत. शेतांत काम करतांना ट्रॉलीचा प्लग काढावा. कारण दिव्याचा खटका एका पेडलावर असला तर वळणासाठीं तें पेडल दाबतांच ट्रॉलीहि आवळेल. सुटे भाग तालुक्याच्या बाजारांत मिळावयाचे नाहींत; चुंबकांचा एक जादा जोड आरंभींच घेऊन ठेवावा. आणि ट्रॉली नोंदलेली असते, हें विसरूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनांतील फेरफारांविषयीं आहे. आंसास हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास लेखी विचारून उत्तर पदरीं ठेवावें. तोंडी परवानगीचें पुढें काय होतें तें मीं नोकरींत पुरेसें पाहिलें आहे.

बंधूच्या ट्रॉलीसाठीं मीं असा अर्ज दिला आहे, व त्याची पोंच माझ्याजवळ आहे. मिस्त्रीनें चौकोनी पत्रे कापून छिद्रें पाडून ठेविलीं आहेत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तोंवर बंधु ट्रॉली अर्धीच भरतो, उताराच्या माथ्यावर थांबून पहिला गिअर घालतो, आणि पेडलांची कडी वांकून हातानें चांचपून पाहतो.