हे आणि मी, एकाच ओट्याशी

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीहून घरी यायला मला दिवेलागण होते. पूर्वी आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभी राहायचे. एकदा तापाने अंथरूण धरलं, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा कुकर लावला. मी उठले, तरी ते ओट्याशीच राहिले!

हिवाळ्यात राहात्याच्या पेरूंची जेली. पेरू थोडे कच्चटच घ्यावेत, पेक्टिन जास्त असल्याने जेली छान धरते. शिजलेल्या फोडी फडक्यात टांगून ठेवायच्या. पिळल्या की रस गढूळ होतो. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक हे हाटतात, सोऱ्या मी फिरवते. पावसाळ्यात कुकरची रिंग-शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून ४५ मिनिटं मंद आचेवर केक. पहिला मधोमध खचला. हे सारखं झाकण उघडून बघत होते ना!

शेजारच्या काकू हसल्या, "बायकोने चुलीला जुंपलं वाटतं!" मी म्हटलं, "काकू, आपल्या शिर्डीच्या प्रसादालयात पुरुष आचारी हजारोंचं रांधतात, त्यांना कुणी हसतं का?"

पूर्वी हे पाहुण्यांना सांगायचे, "हिला मदत करतो." परवा मुलाने विचारलं, "आई, आज पोळ्यांची पाळी कुणाची? माझी कधी येणार?"

त्या रात्री पोळीपाट त्याच्याकडे दिला. पोळी नकाशासारखी झाली, पण आम्ही तिघांनी वाटून खाल्ली.